मूठभर मिठाने रंग पक्का होत नाही: नैसर्गिक रंगांविषयीच्या एका लाडक्या मेसेजला उत्तर

दसरा जवळ आला आणि दादरच्या फुलबाजारात झेंडूचे ढीग लागले की एक मेसेज व्हॉट्सॲपवर पुन्हा फिरायला लागतो. हल्ली त्याचे रील्सही निघालेत. इकडेतिकडे थोडा फरक असतो, पण मजकूर साधारण असा:

‘बाजारातले रंग विषारी असतात. घरच्या घरी शंभर टक्के केमिकलमुक्त रंग बनवा. बिटापासून गुलाबी, पालकापासून हिरवा, हळदीपासून पिवळा, गोकर्णापासून निळा. रंग पक्का करायला मूठभर मीठ आणि दोन चमचे व्हिनेगर पुरे. कापड कुठलंही चालेल. नक्षी हवी असेल तर बागेतली पानंफुलं कापडावर ठेवून हातोडीने ठोका, निसर्गासारखा डिझायनर नाही. उरलेलं पाणी झाडांना घाला, प्रदूषण शून्य. आपल्या आज्या-पणज्या घरोघरी हेच करायच्या. हेच कापड प्रदर्शनात हजारोंना विकतात, ती निव्वळ लूट आहे.’

मी मुंबईत नैसर्गिक रंग आणि ठसेकाम करते, शिकवतेही. हा मेसेज वाचून हौसेने नवी कोरी ओढणी बिटाच्या पाण्यात बुडवलेली माणसं माझ्याकडे येतात. तोवर ओढणी मळक्या बदामी रंगाची झालेली असते आणि मनात एकच गोष्ट पक्की बसलेली असते, की नैसर्गिक रंग टिकत नाहीत. या विद्येचं सगळ्यात जास्त नुकसान कोण करत असेल तर तिचं असं खोटं कौतुक करणारे. म्हणून या मेसेजमधलं एकेक वाक्य घेऊन बोलायचं ठरवलं आहे.

‘बिटापासून गुलाबी, पालकापासून हिरवा, हळदीपासून पिवळा, गोकर्णापासून निळा’

पातेल्यातलं पाणी रंगलं म्हणून कापड रंगतं असं नाही. बिटाचा रंग उष्णता सोसत नाही. तासभर उकळला की पातेल्यातच तपकिरीकडे झुकायला लागतो आणि उरलासुरला एकदोन धुण्यांत निघून जातो. पालकाचा हिरवा म्हणजे क्लोरोफिल. ते मुळात पाण्यात नीट विरघळत नाही आणि उजेडापुढे तग धरत नाही. गोकर्ण, जास्वंद, जांभूळ, लाल कोबी ही सगळी एका जातकुळीची, अँथोसायनिनची. त्यांना आंबट लागलं की ती गुलाबी-जांभळी होतात, साबण लागला की हिरवट. गोकर्णाच्या निळ्या चहात लिंबू पिळून रंग बदलण्याची गंमत आता बऱ्याच जणांनी केलेली असते. लिंबाच्या दोन थेंबांनी जो बदलतो, तो मुंबईच्या घामात भिजणाऱ्या सदऱ्यावर किती दिवस राहणार?

हळदीबद्दल मात्र लोक हमखास वाद घालतात. ‘हळदीचा डाग जन्मात जात नाही, मग रंग कच्चा कसा?’ प्रश्न रास्त आहे. हळद सुती कापडाला कशाच्याही मदतीशिवाय धरते, धुण्यालाही बऱ्यापैकी पुरून उरते. पण हळदीचा डाग पडलेला टेबलक्लॉथ धुऊन उन्हात टाकायचा, हे आपल्या घरोघरी ठाऊक आहे, कारण ऊन हळद खाऊन टाकतं. शिवाय त्या डागाला साबण लावला की तो लाल होतो. कुंकू हळदीला चुना देऊन करतात ते याच गुणामुळे. म्हणजे धुण्यात टिकणं वेगळं आणि उजेडात टिकणं वेगळं. प्रयोगशाळेत या दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या मोजतात: धुण्याचा पक्केपणा १ ते ५ च्या पट्टीवर, उजेडाचा १ ते ८ च्या. उजेडाच्या पट्टीवर हळद अगदी तळाशी असते.

खरे टिकाऊ रंग बहुतेक वेळा स्वयंपाकघरात दिसतात तिथे नसतातच. निळा येतो नीळ नावाच्या झुडपाच्या पानांतून, आणि ती पानं हिरवी असतात. लाल येतो मंजिष्ठेच्या किंवा आलाच्या, म्हणजे बारतोंडीच्या मुळांतून. पिवळा डाळिंबाच्या सालीतून आणि झेंडूतून, तपकिरी खैराच्या कातातून, काळा लोखंड आणि हिरड्याच्या संयोगातून. हिरव्यासाठी आधी निळीत बुडवायचं आणि मग त्यावर पिवळा चढवायचा. सगळं रान हिरवं आणि कापडावर हिरवा आणायला दोन रंगांची कसरत, हे ऐकून वर्गात प्रत्येक जण चकित होतो.

झेंडूचंही तसंच. पाकळीचा जो भगवा डोळ्यांत भरतो तो पाण्यात विरघळणाऱ्या जातीचा नाही, पाण्यात उतरतात ती त्याच पाकळीतली दुसरी, पिवळी द्रव्यं. त्यामुळे दादरचा केशरी झेंडू तुरटी दिलेल्या कापडावर स्वच्छ पिवळा देतो आणि हिराकसाचा, म्हणजे लोखंडाच्या क्षाराचा, किंचित हात लागला की शेवाळी. भगवा देत नाही. ते न सांगता रील काढलं की पाहणाऱ्याच्या वाट्याला निराशा येणारच.

कुणाच्याही दाव्यावर, माझ्यासुद्धा, विश्वास ठेवायची गरज नाही. रंगवलेल्या कापडाची एक पट्टी घ्या, अर्धी जाड पुठ्ठ्याने झाका आणि ऊन येणाऱ्या खिडकीच्या काचेला दोनतीन आठवडे चिकटवून ठेवा. पुठ्ठा काढला की उत्तर समोर असतं.

‘रंग पक्का करायला मूठभर मीठ आणि दोन चमचे व्हिनेगर पुरे’

या एका वाक्याने जितकं कापड वाया गेलं असेल तितकं दुसऱ्या कशानेच गेलं नसेल. मिठाची सवय आली पुडीच्या रंगांवरून. तयार रासायनिक रंगांपैकी काही जातींना मीठ पाण्यातून सुताकडे ढकलायला मदत करतं. व्हिनेगरची गरज लागते ती लोकर-रेशमासाठीच्या आम्लरंगांना. वनस्पतीचा रंग सुती धाग्याला बांधून ठेवायचं काम या दोघांपैकी एकही करत नाही.

ते काम रंगबंधकाचं, आणि आपल्याकडे त्यातलं सर्वांत जुनं आणि भरवशाचं म्हणजे तुरटी. तुरटीतला ॲल्युमिनियम एका अंगाने धाग्याला धरतो आणि दुसऱ्या अंगाने रंगाच्या रेणूला. पण सुती धागा तुरटीलाही सहजासहजी जवळ करत नाही, म्हणून आधी हिरडा. हिरड्यातलं टॅनिन, म्हणजे त्यातलं तुरट द्रव्य, सुताला चिकटतं आणि तुरटी टॅनिनला. हा हिरडा आपल्याच सह्याद्रीतला. भीमाशंकरच्या परिसरात, जुन्नर-आंबेगावात आदिवासी कुटुंबं बाळहिरडा गोळा करतात, त्यावर त्यांचं वर्षाचं गणित चालतं. मुंबईत तो काष्ठौषधींच्या दुकानात मिळतो, मंजिष्ठही तिथेच.

प्रमाण सांगायचं तर एक किलो कोरड्या सुती कापडाला दीडशे ते दोनशे ग्रॅम हिरडा पूड आणि साधारण दीडशे ग्रॅम तुरटी. काळपट छटा हवी असेल तर हिराकस दहा-वीस ग्रॅमच्या पुढे नेऊ नये, जास्त झालं तर कापड कालांतराने जळल्यासारखं कुजतं आणि हाताने टरकन फाटतं. जुन्या काळ्या छपाईची कापडं पाहा, पुष्कळदा नेमकी काळ्या रेषेवरच भोकं पडलेली असतात.

आणि या सगळ्याच्या आधी एक पायरी आहे जिचा रील्समध्ये उच्चारही नसतो, कारण ती दिसायला अजिबात सुंदर नाही. कापड धुऊन घेणं. कोऱ्या मांजरपाटात खळ असते, कापसाच्या धाग्यावर स्वतःचं मेण असतं. धुण्याचा सोडा आणि साध्या साबणाच्या पाण्यात ते तासभर उकळायचं. पहिल्या उकळीनंतरचं पाणी पाहिलंत तर थक्क व्हाल: जे कापड पांढरंशुभ्र वाटत होतं त्यातून कोऱ्या चहासारखं पाणी निघतं. मग वाळवून त्यावर पाण्याचा एक थेंब सोडायचा. थेंब मोत्यासारखा वर बसून राहिला तर कापड तयार नाही, परत उकळा. पडताक्षणी शोषला गेला तरच पुढे जायचं. रंग ढगाढगांचा आला, डाग पडले, अशा तक्रारी घेऊन जे येतात त्यांच्यापैकी बहुतेकांचं कापड इथेच अडलेलं असतं.

नीळ या नियमाला अपवाद. तिला तुरटी नको, हिरडा नको. ती पाण्यात विरघळतच नाही, म्हणून पिंपात चुन्यासारखा क्षार आणि गूळ किंवा फळं घालून त्यातला ऑक्सिजन काढून घ्यावा लागतो, तेव्हा ती विरघळते. पिंपातून बाहेर काढलेलं कापड पोपटी-पिवळं असतं. हवा लागली की कडेपासून निळेपणा सरकत आत येतो आणि दोनतीन मिनिटांत सगळं कापड निळं होतं. गडद निळा हवा असेल तर पुन्हा बुडवा, पुन्हा हवा द्या. एकदाच बराच वेळ बुडवून ठेवून तो येत नाही.

‘कापड कुठलंही चालेल’

नाही चालत. पॉलिस्टर या रंगांना दाद देत नाही. आणि आज रस्त्यावर, लोकलच्या डब्यात ज्या ओढण्या ‘कॉटन’ म्हणून मिळतात त्यांतल्या अनेकींत पॉलिस्टर असतं. एक धागा काढून जाळून पाहा. राखेऐवजी कडक गोळी झाली तर रंगवण्याचा विचार सोडून द्या. रेशीम आणि लोकर सर्वांत छान रंगतात, सुती आणि लिननवर जास्त मेहनत लागते.

‘शंभर टक्के केमिकलमुक्त’

तुरटी हे रसायन आहे. चुना, हिराकस, धुण्याचा सोडा ही रसायनं आहेत. मंजिष्ठेच्या मुळातली लाल द्रव्येसुद्धा रसायनंच, आणि मंजिष्ठेच्या युरोपातल्या भाईबंद झाडाच्या मुळातलं लाल द्रव्य, अलिझरीन, १८६० च्या दशकाच्या अखेरीस जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी प्रयोगशाळेत बनवलं तेव्हा ते मुळातल्या अलिझरीनपेक्षा कणभरही वेगळं नव्हतं. निळीचंही तेच. १८९७ पासून जर्मनीतून कारखान्यातली नीळ बाजारात आली आणि तिचा रेणू झुडपातल्या निळीचाच होता. म्हणून ‘केमिकल नाही’ हे ब्रीद धरलं की आपण पहिल्याच पावलाला खोटं बोलतो. विचारायचं ते हे की रसायन कोणतं, किती, आणि वापरून झाल्यावर ते जातं कुठे.

हे विचारायचं आणखी एक कारण आहे. नैसर्गिक रंगांच्या नावाखाली फिरणाऱ्या काही कृतींत मोरचूद असतो, काहींत तर पोटॅशियम डायक्रोमेट. छटा सुरेख येतात, वादच नाही. पण मोरचुदातलं तांबं पाण्यातल्या जीवांना मारक, आणि डायक्रोमेट कर्करोगकारक. झाडाची साल नैसर्गिक म्हणून तिच्यासोबतचं क्रोमियम नैसर्गिक ठरत नाही. दुसऱ्या बाजूला, बाजारातला प्रत्येक रासायनिक रंग विषारी हेही खरं नाही. कर्करोगाशी जोडलेली द्रव्ये सोडणाऱ्या अझो रंगांवर भारतात नव्वदच्या दशकातच बंदी आली. तिची अंमलबजावणी नीट होते का, यावर भांडायला हवं, जरूर भांडू. पण शेजारणीला घाबरवून बीट विकत घ्यायला लावणं हे काही त्याचं उत्तर नाही.

एक सूचना, मुंबईच्या घरांकडे पाहून. दहा बाय दहाच्या स्वयंपाकघरात हे करायचं असेल तर पातेलं, पळी, गाळणी वेगळी ठेवा आणि त्यांत पुन्हा कधी अन्न शिजवू नका. तुरटी आणि हिराकसाची पूड उडवू नका, मुलांच्या हाती लागू देऊ नका. मेसेजमध्ये ही ओळ कधीच नसते.

‘पानंफुलं कापडावर ठेवून हातोडीने ठोका, निसर्गासारखा डिझायनर नाही’

आता माझ्या जिव्हाळ्याच्या विषयाकडे येते.

हातोडीने पान ठोकलं की त्याच्या पेशी फुटतात आणि रस कापडात उतरतो. शिरांसकट पान उमटतं, पाहून आनंद होतो, मुलांबरोबर एखादी दुपार छान जाते. पण उतरलेला तो रस बहुतांशी क्लोरोफिल, त्याचं काय होतं ते वर सांगितलंच. पानाचा रंग कापडावर खरोखर टिकवण्याची रीत वेगळी आहे: तुरटी किंवा हिराकस दिलेल्या कापडावर टॅनिनवाली पानं मांडायची, घट्ट गुंडाळी करून दोरीने आवळायची आणि तासदीडतास वाफेवर ठेवायची. निलगिरी, डाळिंब, गुलाब यांची पानं यात उत्तम. सागाचं कोवळं पान तळहातावर चोळलं की हात लाल होतो, हे कोकणात लहान मुलालाही माहीत असतं. तो लाल-जांभळा वाफेच्या छपाईत अप्रतिम उतरतो. म्हणजे पानाची छपाई होते, पण तिच्यामागे कापडाची तयारी, पानाची निवड आणि वाफ आहे.

आणि एवढं होऊनही, पानाचा ठसा म्हणजे डिझाईन नव्हे. निसर्गावरून नक्षी घडवायची तर पाहावं लागतं, काढावं लागतं, आणि मुख्य म्हणजे गाळावं लागतं. एक उदाहरण घेते. ऐरोलीच्या खाडीकाठी ओहोटीच्या वेळी तिवर, म्हणजे खारफुटीचं झाड, पाहायला जा. चिखलातून पेन्सिली रोवल्यासारखी शेकडो श्वासमुळं वर आलेली असतात. पानं समोरासमोर जोडीने, वरून गडद हिरवी आणि खालून चंदेरी राखी. जवळून पाहिलं तर पानावर मिठाचे बारीक कण चमकतात. हे सगळं एका बुट्ट्यात मावत नाही, कोंबायचा प्रयत्न केला तर बुट्टा गिचमिड होतो. मग ठरवावं लागतं. मुळांच्या उभ्या रेषांची लय काठासाठी घ्यायची. पानांची जोडी अंगभर विखुरलेल्या बुट्टीसाठी. मिठाचे कण म्हणजे पांढरे ठिपके, ते पदराकडे दाट होत जातील. फांद्यांचा गुंता सोडून द्यायचा, कितीही मोह झाला तरी.

मग लाकूड आपल्या अटी घालतं. ठसा शिसवाचा किंवा सागाचा. गुजरातेत गांधीनगरजवळच्या पेथापूरला ठसे कोरणाऱ्यांची परंपरा आहे. पानाची शीर कागदावर केसाएवढी काढता येते, पण लाकडात तेवढी बारीक भिंत ठेवली तर ती तुटते आणि न तुटली तरी छापताना खळ पसरून शेजारची रेष गिळते. म्हणून शिरा मोजक्या, थोड्या ठसठशीत. मोठ्या भरीव जागेत हवा अडकून छाप फुटतो, तर तिथे आरपार भोकं पाडायची. प्रत्येक रंगाला वेगळा ठसा: बाह्यरेषेचा एक, आतल्या भरावाचा दुसरा, जमिनीचा, म्हणजे मागच्या मोकळ्या जागेचा, तिसरा. आणि एका ठशाला दुसरा नेमका कुठे टेकवायचा त्याच्या खुणा नक्षीतच लपवायच्या, जेणेकरून साडेपाच मीटरांत जोड दिसणार नाही.

मांडणीचा प्रश्न तर कागदावर कळतच नाही. बुट्ट्या सरळ ओळींत मांडल्या तर कापडावर रेघा ओढल्यासारखं वाटतं, म्हणून पुढची ओळ अर्ध्या बुट्ट्याने खाली सरकवायची. तरीही कधी कधी दोन बुट्ट्यांमधल्या रिकाम्या जागा एकमेकींत मिळून तिरका पांढरा ओहोळ तयार होतो. टेबलावर तो दिसत नाही. कापड भिंतीला लटकवून दहा-बारा पावलं मागे गेलं की दिसतो, आणि साडी नेसल्यावर तर नजरेत दुसरं काही येतच नाही.

यात नैसर्गिक रंगाची स्वतःची अट मिसळते, आणि इथेच हे काम संगणकाच्या पडद्यावर काढलेल्या डिझाईनहून वेगळं होतं. ठशाने आपण रंग छापतच नाही, रंगबंधक छापतो. लोखंडाचा भंगार आणि गूळ पाण्यात आठवडा-पंधरवडा आंबवून काढलेलं काळपट पाणी चिंचोक्याच्या पुडीने घट्ट करायचं, त्याने बाह्यरेषा छापायची. तुरटी डिंकात कालवून तिने भराव छापायचा. तुरटी बिनरंगाची, छापलेलं दिसावं म्हणून तिच्यात चिमूटभर गेरू घालतात. हे कापड काही दिवस मुरू द्यायचं, वाहत्या पाण्यात धुवायचं. या टप्प्यावर त्यात पाहण्यासारखं काही नसतं, करड्या रेषा आणि पुसट गेरूचे डाग.

आता ते मंजिष्ठेच्या पाण्यात सोडा आणि काठीने हलवत राहा. पाणी हळूहळू तापत जातं आणि त्या एकाच पातेल्यात, एकाच लाल पाण्यात, तुरटीची पानं लाल होतात आणि लोखंडाच्या रेषा काळ्या. पानाची कड काळी, पोट लाल, जमीन फिकट गुलाबीसर, आणि ती गुलाबी झाक पुढच्या धुण्यात-उन्हात बरीचशी निघून जाते. चुना-डिंक लावून झाकलेल्या जागा पांढऱ्या राहतात. वर निळीत बुडवलं तर उघडी जमीन निळी. म्हणून तिवराचं चित्र मनात तयार होतं तेच असं: कुठे लोखंड, कुठे तुरटी, कुठे झाकण. ज्याला हे कळलं त्याची नक्षी आपोआप निराळी होते. निसर्ग विषय देतो. निर्णय माणसालाच घ्यावे लागतात.

याच शहरात या कामाचं फार मोठं उदाहरण आहे. १९५० च्या दशकात हातमाग आणि छपाईच्या नव्या नक्ष्यांसाठी मुंबईत विणकर सेवा केंद्र सुरू झालं आणि तिथे चित्रकारांना कारागिरांसोबत बसवलं गेलं. के. जी. सुब्रमण्यन तिथे होते, प्रभाकर बरवे यांनी तर आयुष्यातली कितीतरी वर्षं या केंद्राच्या सेवेत काढली. पान, शंख, बी यांच्याकडे बरवे ज्या एकाग्रतेने पाहत ती त्यांच्या चित्रांत सगळ्यांना दिसते. अशा ताकदीच्या माणसांना कापडाच्या नक्षीसाठी नेमावंसं वाटलं, कारण पान ठोकून हे काम भागत नाही हे तेव्हा ठाऊक होतं.

‘उरलेलं पाणी झाडांना घाला, प्रदूषण शून्य’

या वाक्यामागची कळकळ मला पटते. ऑगस्ट २०१७ मध्ये तळोज्याच्या औद्योगिक वसाहतीत रंगाने निळी झालेली कुत्री सगळ्यांनी फोटोंत पाहिली. उल्हासनगरच्या जीन्स रंगवणाऱ्या कारखान्यांनी वालधुनी नदीचं काय केलं तेही लपलेलं नाही. त्यामुळे दुसरा मार्ग शोधावासा वाटणं स्वाभाविक आहे.

पण शून्य म्हणू नका. एक किलो कापडाला प्रत्येक बुडवणीत वीस-तीस लिटर पाणी लागतं. धुणं, हिरडा, तुरटी, रंग आणि मधली खळबळणी धरली तर पाणी किती होतं ते तुम्हीच मोजा. त्यातलं बरंचसं उकळावं लागतं, म्हणजे गॅस किंवा लाकूड आलं. तुरटीचं उरलेलं पाणी आम्लधर्मी असतं, ते रोज बाल्कनीतल्या कुंडीत ओतलं तर मुळांना इजा होते. ते फेकायचंच कशाला? कमी झालेली तुरटी वरून घालून तेच पाणी पुढच्या कापडाला वापरता येतं. डाळिंब-झेंडूचा गाळ मात्र खुशाल खतात टाका.

शिवाय जमिनीचं गणित आहे. रंगासाठीच्या सुक्या मुळा-पाना-सालींचं वजन कापडाच्या निम्मं, कधी बरोबरीचं लागतं. जगात वर्षाला दहा कोटी टनांहून जास्त धागा तयार होतो. तेवढ्याला पुरतील इतकी मुळं आणि पानं उगवायची तर अन्नाची शेतं मोडावी लागतील. शेतकऱ्याच्या डोक्यावर बसून नीळ पिकवून घेण्याचा अनुभव या देशाने घेतलेला आहे, १९१७ चा चंपारणचा सत्याग्रह त्याच निळीपायी झाला. नैसर्गिक रंग गिरण्यांची जागा घेणार नाहीत. त्यांची खरी जागा लहान प्रमाणात आहे, आणि जे टाकून दिलं जातं त्यात आहे: रसवाल्याकडची डाळिंबाची सालं, कांद्याची टरफलं, देवळातलं निर्माल्य. सिद्धिविनायकाला वाहिलेल्या फुलांपासून कापड रंगवण्याचं काम याच मुंबईत झालेलं आहे. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी रस्त्याकडेला पडलेला झेंडू वाळवून ठेवला तर एखाद्या छोट्या गटाला वर्षभर पिवळा पुरेल.

‘आपल्या आज्या-पणज्या घरोघरी हेच करायच्या’

घरी व्हायचं ते शिमग्याला पळसाच्या फुलांचं पाणी, लग्नात हळदीने पिवळं केलेलं वस्त्र. ते रंग टिकावेत अशी कुणाची अपेक्षाच नव्हती. नेसायचं कापड रंगवायचं ते रंगारी, निळारी, खत्री, छिपा यांनी, पिढ्यान्‌पिढ्या तेच काम करून. त्यांच्या विद्येचा दर्जा किती होता? इजिप्तमधल्या फुस्तात इथे उत्खननात गुजरातेतली ठसेकामाची सुती कापडं निघाली, त्यांतली काही हजारेक वर्षांपूर्वीची, आणि त्यांवरचे लाल-निळे आजही ओळखू येतात. धुतल्यावरही रंग न सोडणाऱ्या भारतीय छिटांनी, म्हणजे छापील सुती कापडांनी, युरोपातल्या विणकरांना इतकं हैराण केलं की फ्रान्सने १६८६ मध्ये आणि इंग्लंडने १७०० व १७२१ च्या कायद्यांनी त्यांच्यावर बंदी घातली. मीठ-व्हिनेगरच्या जोरावर हे झालेलं नाही.

२००१ च्या भूकंपानंतर कच्छमधल्या धमडक्याच्या अजरखकारांना, म्हणजे अजरख हे ठशांचं कापड करणाऱ्या कारागिरांना, आपल्या विहिरींच्या पाण्यात लोह वाढल्याचं लक्षात आलं. लोह वाढलं की लाल काळवंडतो. त्यांच्यातल्या बऱ्याच कुटुंबांनी चांगलं पाणी शोधून भुजजवळ अजरखपूर नावाचं नवं गावच वसवलं. पाण्यासाठी गाव बदलायची तयारी असलेल्या माणसांच्या कामाला आपण ‘घरोघरी करायच्या’ म्हणून मोकळे होतो, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

‘हेच कापड प्रदर्शनात हजारोंना विकतात, ती निव्वळ लूट आहे’

अजरखाचं एक कापड चौदा-सोळा टप्प्यांतून जातं आणि त्याला दोनतीन आठवडे लागतात, ऊन चांगलं असेल तर. पावसाळ्यात हवेतल्या ओलीने ठशाची रेष पसरते, कापड वाळत नाही, काम थांबतं आणि कारागिराचं पोट थांबत नाही. मांजरपाट, हिरडा, मंजिष्ठ, कोरीव ठसे, पाणी, जळण आणि इतक्या दिवसांची मजुरी धरली तर त्या साडीची किंमत हजारांत जाणारच. ती कमी व्हावी असं वाटत असेल तर नक्की कुणाची मजुरी कापायची, ते आधी सांगावं लागेल.

लूट होते, पण वेगळ्या ठिकाणी. स्क्रीन प्रिंटिंगने छापलेलं रासायनिक रंगाचं कापड ‘व्हेजिटेबल डाय’ची चिठ्ठी लावून दुप्पट भावाने विकलं जातं. ते ओळखायचं असेल तर विक्रेत्याला विचारा: लाल कशाचा आहे, मंजिष्ठेचा की तयार अलिझरीनचा? नीळ झुडपाची की कारखान्यातली? डोळ्यांनी ते कळणार नाही, पण ज्याने काम केलंय तो उत्तर देताना अडखळत नाही. हिरडा दिलाय का, हिरवा कसा काढला, तेही विचारा. ‘पालकापासून’ असं उत्तर आलं तर पुढच्या स्टॉलवर जा. आणि कापड उलटं करून पाहा. हाताच्या ठशात कुठेतरी दोन छापांच्या सांध्यावर रेष किंचित सरकलेली सापडते, मागच्या बाजूला रंग आरपार उतरलेला असतो. कारागीर समोर असेल तर त्याला ती सरकलेली रेष दाखवून भाव पाडू नका.